उजवा दिवा

४ जानेवारी

बारक्या,

पाकीट उघडण्याआधीच तू अक्षर ओळखशील. तरीही उघडलंस, तर पुढे वाच.

पत्ता तुझ्या वहिनीच्या वहीतून घेतला. ती दर वर्षी तुला एक कार्ड टाकते. मला ते माहीत नाही असं ती समजते. मीही तिला तसं समजू देतो.

अकरा वर्षांपूर्वी चौकशीत मी जे पाहिलं ते सांगितलं. तुझ्या व्हॅनचा डावा दिवा लुकलुकत होता आणि तू उजवीकडे वळलास. मागून आलेली स्कूटरवाली तुझ्या उजव्या बाजूनं पुढे निघाली होती, ती व्हॅनवर आदळली. तिचा पाय कायमचा आखडला, तुझं लायसन्स आणि नोकरी गेली, आबांनी तुला घराबाहेर काढलं. त्याबद्दल मी हे पत्र लिहीत नाही. त्यात लिहिण्यासारखं काही उरलेलं नाही.

कारण वेगळं आहे. मी एक नवीन गोष्ट शिकतो आहे आणि ती घरात कोणाला सांगता येत नाही. आबांना ऐकू कमी येतं. वहिनीला ऐकू येतं, पण ती हसते.

ऑगस्टमध्ये न्हाणीघरात पडून उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघाल्यावर बोटं नीट मिटेनात. व्यायाम शिकवणारी मुलगी म्हणाली, बारीक हातकाम करा. नकाशे काढायचं काम तर निवृत्तीबरोबर संपलं. शिवणयंत्रांच्या दुकानावर पाटी होती: क्विल्टची कार्यशाळा, आठ शनिवार. आज पहिला झाला.

वरच्या मजल्यावर लांब खोली आहे. दहा यंत्रं, दोन इस्त्र्या, भिंतीला कापडांचे ताके. नऊ बायका आणि मी. शिकवणाऱ्या बाई माझ्याहून वीस वर्षांनी लहान असतील. त्या म्हणाल्या, "काकूंना सोडायला आलात का?"

"नाही. मीच शिकायला आलोय."

"मग बसा की. दारात उभं राहून कोणी शिकलंय का?" त्यांनी हजेरीच्या कागदावर नुसतं 'काका' लिहिलं.

शेजारच्या यंत्रावर पोस्टातून निवृत्त झालेल्या एक काकू असतात. त्यांनी माझी स्टीलची पट्टी पाहिली. "अगं बाई," त्या म्हणाल्या, "हे तर पूल बांधायला आलेत."

वहिनी म्हणते, क्विल्ट काय म्हणता, सरळ गोधडी म्हणा. मी तिला सांगितलं की यात फरक आहे. तिनं विचारलं काय. मला आज सांगता आलं नाही.

उत्तर अपेक्षित नाही.

दादा


१८ जानेवारी

बारक्या,

फरक आता सांगता येईल. याला पेपर पीसिंग म्हणतात. चित्र आधी कागदावर सरळ रेघांनी काढायचं आणि त्यातल्या प्रत्येक तुकड्याला आकडा द्यायचा. कापड कागदाच्या मागे लावायचं आणि टीप मात्र कागदाच्या पुढच्या बाजूनं, रेघेवर मारायची. पहिल्या तुकड्यावर दुसरा, त्याला जोडून तिसरा. शिवताना कापड दिसत नाही, फक्त रेघ दिसते. टाका बारीक ठेवायचा, म्हणजे शेवटी कागद तिकिटासारखा फाटून निघतो. कागद जातो, कापड उरतं.

हे माझ्या स्वभावाचं काम आहे. नजरेवर काही सोपवायचं नाही. रेघेवर राहिलात की कोपरे जुळतात.

बाई एक वाक्य फळ्यावर लिहून ठेवतात: कागदावर उजवीकडे, ते कापडावर डावीकडे. कापड मागे असल्यामुळे चित्र उलटं येतं, एवढंच. त्या म्हणाल्या, "हे मी आठही शनिवार सांगणार आणि आठही शनिवार कोणीतरी विसरणार."

"यंदा माझी पैज काकांवर," पोस्टातल्या काकू म्हणाल्या.

मी म्हणालो, "मी चौतीस वर्षं नकाशे काढलेत."

"म्हणूनच हो. आम्हाला येत नाही, म्हणून आम्ही भिऊन करतो."

आबा बरे आहेत. सत्त्याऐंशी पूर्ण झाले. लांबचं दिसत नाही, पण खिशातला रुमाल घडीवर नसेल तर तेवढं बरोबर दिसतं. आपल्या वजनमाप खात्याच्या गोष्टी ते अजून सांगतात. दुकानदाराच्या शब्दावर वजनावर शिक्का मारायचा नसतो, ते स्वतः काट्यात घालून बघायचं. तेहेतीस वर्षं त्यांनी कुणाच्या शब्दावर शिक्का मारला नाही. हे तुला पाठ आहे, तरी लिहिलं.

परवा जेवताना शेजारचे आले होते. आबा माझ्याकडे बोट करून त्यांना म्हणाले, "हा माझा खरं बोलणारा मुलगा." शेजाऱ्यांनी विचारलं, आणि दुसरा? आबांनी पाणी मागितलं.

दादा


१ फेब्रुवारी

बारक्या,

आज आपापल्या घरातली एक वस्तू कापडात आणायची होती. मी आबांची झारी निवडली, जिनं ते गच्चीतल्या कुंड्यांना पाणी घालतात. ती नेहमी एका जागी असते, चोच उजवीकडे. कापडावर चोच उजवीकडे यायला हवी, म्हणून कागदावर ती डावीकडे काढली. फळ्यावरचं वाक्य मी विसरलो नव्हतो, हे लक्षात घे.

एकवीस तुकडे. तीन तास लागले. शेवटची इस्त्री फिरवून पाहिलं, तर चोच डावीकडे.

मी बाईंना म्हणालो, "झारी उलटी आली."

"आली नाही काका, तुम्ही आणलीत."

"मी कागद तुम्ही सांगितलात तसाच काढला होता. उलटा."

"बघू."

पिशवीत माझा मूळ कागद होता. त्यांनी तो खिडकीच्या काचेवर धरला. "हा बरोबर आहे. मग हा शिवलेला कुठून आला?"

"यावरनं उतरवून घेतला. मूळ कागद फाडायचा नव्हता. काचेवर धरून उतरवला."

"काचेला कोणती बाजू लावलीत?"

शाई ओली होती. ती नव्या कागदाला लागू नये म्हणून मी शाईची बाजू काचेकडे केली होती. म्हणजे मागून उतरवलं. हे मी बोललो नाही, पण त्यांना दिसलं.

"म्हणजे एकदा मुद्दाम उलटी केलीत," बाई म्हणाल्या, "एकदा नकळत, आणि एकदा कापडानं केली. तीनदा. किती वेळा उलटलं ते मोजायचं असतं, काका. जपून केलं म्हणून गणित बदलत नाही."

पोस्टातल्या काकूंनी हात पुढे केला. "पैज जिंकले मी. चहा तुमच्याकडे."

मी चहा सांगितला. मला वाद घालायचा होता, पण घालण्यासारखं काही नव्हतं. पहिलं उलटणं लक्षात होतं, म्हणून दुसरं दिसलं नाही.

घरी येताना बसमध्ये दोन थांबे पुढे गेलो आणि चालत परत आलो.

बारक्या, त्या दिवशी मी सलूनच्या खुर्चीत बसलो होतो. माझं तोंड आतल्या भिंतीकडे होतं.

सविस्तर दोन दिवसांनी लिहितो.

दादा


३ फेब्रुवारी

बारक्या,

सलून तिठ्यावर आहे. रस्ता सरळ त्याच्या दारापर्यंत येतो आणि तिथे डावी-उजवीकडे फुटतो. खुर्चीत बसलेल्याची पाठ रस्त्याकडे असते. समोर आरसा. रस्ता आरशात दिसतो.

व्हॅन माझ्या दिशेनं येत होती. दिवा मला माझ्या उजव्या हाताला लुकलुकताना दिसला. मी विचार केला. गाडी तोंड माझ्याकडे करून येते आहे, आणि समोरून येणाऱ्याची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला असते. म्हणजे डावा दिवा. चौकशीत मी हे असंच, टप्प्याटप्प्यानं समजावून सांगितलं. अधिकाऱ्यानं लेखनिकाला सांगितलं, "लिहून घ्या, साक्षीदार विचारपूर्वक बोलतो आहे."

पण मी गाडी बघत नव्हतो, आरसा बघत होतो. आरशानं ती आधीच एकदा उलटवली होती. आरशात जे माझ्या उजव्या हाताला, ते गाडीच्याही उजव्या हाताला. मी उलट केलं नसतं, तर बरोबर आलं असतं.

तू उजवाच दिवा दिला होतास.

चौकशीसाठी मी तिठ्याचा नकाशा काढून दिला होता, एकास शंभर. त्यात खुर्ची दाखवली होती. आरसा नव्हता. भिंतीला टांगलेल्या वस्तू नकाशात दाखवत नाहीत. सलूनवाल्यानं काही पाहिलं नव्हतं, तो माझ्या मानेकडे बघत होता. स्कूटरवालीला त्या दिवसाचं काहीच आठवत नव्हतं. शब्द उरले दोघांचे, तुझा आणि माझा. आणि सख्खा भाऊ भावाच्या विरुद्ध कशाला सांगेल, असं सगळे म्हणाले.

दिवा उजवा होता तर चूक स्कूटरवालीकडे जाते. तेही लिहून ठेवतो.

हे मला शनिवारी समजलं. चौकशी कार्यालयात जाऊन जबाब दुरुस्त करणार आहे.

दादा


११ फेब्रुवारी

बारक्या,

कार्यालय नव्या इमारतीत गेलं आहे. खिडकीवर चष्मा कपाळावर चढवलेला कारकून होता.

"काय काम?"

"जबाब दुरुस्त करायचाय."

"कधीचा?"

"अकरा वर्षांपूर्वीचा."

त्यानं चष्मा खाली घेतला. "काका, सात वर्षांनी फाइल नष्ट करतात. जबाबच नाही, तर दुरुस्त काय करू?"

"मग नवा लिहून घ्या."

"कोणत्या प्रकरणात?"

"त्याच."

"ते प्रकरणच आता नाही."

"पण माझ्या भावाचं लायसन्स त्यात रद्द झालंय."

तो संगणकावर काहीतरी बघायला लागला. मागे रांगेतला एक जण म्हणाला, आटपा हो, आम्हालाही पोटं आहेत. कारकून म्हणाला, "पाच वर्षांपुरतं रद्द होतं. मुदत कधीच संपली. त्यांनी अर्ज टाकला असता तर सहा वर्षांपूर्वी मिळालं असतं. टाकलेला नाही."

"का?"

"ते मला विचारताय?"

मी साध्या कागदावर दोन पानं लिहून दिली. त्यानं पोच म्हणून शिक्का मारला. कागद कुठे जाईल विचारलं, तर त्यानं मागच्या कपाटाकडे मान हलवली. पोच सोबत जोडली आहे. तिचा काही उपयोग नाही.

वहिनी सांगते तू गोदामात खोकी मोजायच्या कामावर आहेस आणि कामाला पायी जातोस. तिनं हे दुसऱ्या कोणाबद्दल तरी बोलावं तसं सांगितलं, भाजी निवडताना.

दादा


१९ फेब्रुवारी

बारक्या,

तुझं कार्ड मिळालं. तू लिहिलंस तसंच इथे उतरवतो, म्हणजे मला त्याला चुकवता येणार नाही.

"दादा, डावं-उजवं मला समजावू नकोस. हे मी त्याच दिवशी घरात ओरडून सांगितलं होतं. लायसन्सचं मला माहीत होतं, नको होतं म्हणून घेतलं नाही. तुला हे खरं कधी कळलं, तेवढं लिही. शनिवार-बिनिवार नको. आणि आबांना सांगितलंस का?"

मी तीन दिवस हे कार्ड खिशात घेऊन फिरलो.

तू ओरडून सांगितलं होतंस. मला आठवतं. "दादा आरशात बघत होता," तू म्हणालास. मी म्हणालो, "आरशात काय आणि खिडकीत काय, दिवा तो दिवा." मी जेवत होतो आणि जेवण थांबवलं नाही.

निकाल लागल्यानंतर नऊ दिवसांनी मी केस कापायला गेलो. तीच खुर्ची. आरशात एक टेम्पो येताना दिसला. दिवा माझ्या उजव्या हाताला लागला. टेम्पो उजवीकडे वळला.

मी मान वळवून मागे पाहिलं. सलूनवाला म्हणाला, "मान सरळ ठेवा, साहेब." मी सरळ ठेवली. मग एक मोटार आली. डाव्या हाताला दिवा, डावीकडे वळली. मी केस पूर्ण कापून घेतले. पावडरसुद्धा लावू दिली.

अपील करायला तीस दिवस असतात. तेव्हा एकवीस बाकी होते. ते मी मोजले नाहीत असं लिहिणार होतो. मोजले होते. रोज एक.

का सांगितलं नाही तेही लिहितो. ऑफिसात तोवर सगळ्यांना समजलं होतं. आमचे मुख्य अभियंता बाहेरच्या माणसांना माझी ओळख करून द्यायचे: भावाच्या विरुद्ध खरं बोलणारा माणूस. माझी रेघ तपासायची गरज नाही असं ते म्हणायचे. आणि खरंच कोणी तपासेना. निवृत्तीच्या दिवशीही भाषणात तेच वाक्य आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आबा पहिल्या रांगेत होते. मी उभा राहून नमस्कार केला.

त्या खुर्चीनंतर मी सलून बदललं. नव्या ठिकाणी खुर्च्या रस्त्याकडे तोंड करून आहेत.

हे मी काल वहिनीला सांगितलं. ती इस्त्री करत होती. म्हणाली, "तेव्हा विचारलं सलून का बदललं, तर म्हणालात गर्दी असते. गर्दी कसली? तो बिचारा दिवसभर माशा मारत बसलेला असायचा."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"काय बोलायचं होतं? तुम्ही कधी चुकता का?" तिनं बाही उलटी करून तिच्यावर इस्त्री फिरवली. मग म्हणाली, "मी त्याला कार्डं टाकत होते. तुम्हाला कळू नये म्हणून नाही हो. तुम्ही विचारावं म्हणून वही समोरच ठेवायचे."

झारीपाशी मला समजलं असं लिहिलं, ते खोटं आहे. झारीपाशी मला माझ्या चुकीची पद्धत समजली. चूक मला आधीपासून माहीत होती. बाईंनी सगळ्यांसमोर किती वेळा उलटलं ते मोजून दाखवलं आणि कोणालाच काही झालं नाही. चहा झाला, पुढचे तुकडे कापले. एवढ्यात संपणारी ती गोष्ट मी अकरा वर्षं धरून बसलो होतो, असं वाटलं. तुझ्यासाठी ती एवढ्यात संपत नाही हे कार्ड आल्यावर दिसलं.

आबांना सांगितलेलं नाही. रविवारी सांगतो.

दादा


२३ फेब्रुवारी

बारक्या,

आज सकाळी नाश्ता झाल्यावर सांगितलं. त्यांच्या उजव्या कानाशी बसून, सावकाश. टेम्पोचं आधी सांगितलं नाही, फक्त आरशाचं.

त्यांनी कप बाजूला सारला. मग म्हणाले, "बॅटरी आण."

"कशाला?"

"आण म्हटलं ना."

त्यांनी मला झोपायच्या खोलीत कपाटाच्या आरशासमोर खुर्ची टाकायला लावली. मी बसलो, पाठ दाराकडे. ते स्वतः बाहेरच्या बोळात लांब जाऊन उभे राहिले. वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली, "आबा, पडाल."

"पडलो तर उचल. आत्ता मध्ये बोलू नको."

बॅटरी लावून ते एकेक पाऊल माझ्याकडे यायला लागले. "कुठल्या बाजूला दिसतोय?"

"माझ्या उजव्या."

"म्हणजे माझा हात कोणता?"

"उजवा."

"तेव्हा काय सांगितलं होतंस?"

"डावा."

ते परत मागे गेले. बॅटरीचा हात पाठीमागे नेऊन बदलला. पुन्हा आले. पुन्हा विचारलं. काट्यात वजन घालावं तसं त्यांनी सात वेळा केलं. चौथ्या वेळी मला वाटलं आता पुरे म्हणतील, पण ते नुसते भिंतीला टेकून दम खात होते.

मग मला उठवून स्वतः खुर्चीत बसले. मला बोळात पाठवलं. मी बॅटरी घेऊन चालत आलो. सातच वेळा. प्रत्येक वेळी त्यांनी हात बरोबर सांगितला. शेवटी म्हणाले, "तुझा चेहरा दिसत नाही. दिवा दिसतो."

मी बॅटरी बंद केली.

"त्यानं सांगितलं होतं मला," आबा म्हणाले. "'आबा, तुम्ही एकदा त्या खुर्चीत बसून बघा. माझं नका ऐकू, बसून बघा.' किती लांब होतं ते सलून?"

"चार मिनिटं."

"मी गेलो नाही." ते आरशातच बघत बोलत होते. "उभ्या नोकरीत कोणाच्या शब्दावर शिक्का मारला नाही. तुझ्या शब्दावर मारला."

ते माझ्याकडे वळले.

"तुला कधी समजलं?"

तेव्हा टेम्पोचं सांगितलं. एकवीस दिवसांचंही.

त्यांनी हात पुढे केला. मला वाटलं उठायला आधार हवा. त्यांनी बॅटरी घेतली, मागचं झाकण फिरवलं, सेल काढून माझ्या हातात दिले. "जागेवर ठेव," म्हणाले.

दुपारी ते माझ्याशी बोलले नाहीत. वहिनीशी बोलले. तिला म्हणाले, तुझ्या वहीतला पत्ता मोठ्या अक्षरात लिहून दे.

दादा


६ मार्च

बारक्या,

तुला आबांचं पत्र मिळालं असेलच. ते मला वाचायला दिलं नाही. चार दिवस लिहीत होते, भिंग घेऊन. पाकीट त्यांनी स्वतः पेटीत टाकलं. वहिनी हात धरून घेऊन गेली.

काल तुझं कार्ड आलं. मला फक्त एक ओळ: "त्यांना येऊ देत. तू नको."

आबांनीही मला हेच सांगितलं. मी दोन तिकिटं काढायला निघालो होतो. त्यांनी बूट घालता घालता विचारलं, "दुसरं कोणाचं?"

"माझं. तुम्हाला एकट्याला कसं सोडू?"

"सून येईल बरोबर. तू इथे थांब."

"किती दिवस?"

"कुंड्यांना पाणी घाल," ते म्हणाले. हे उत्तर होतं की नुसतं काम सांगितलं, ते मी विचारलं नाही. अकरा वर्षांत तुम्हा दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं आहे आणि ते माझ्याबाबतीत आहे. मी त्यात दुरुस्ती सुचवत नाही.

स्कूटरवालीचा पत्ता शोधून तिला लिहिलं. खरं काय ते लिहिलं आणि उत्तराची जबाबदारी तिच्यावर नाही असंही. पत्र परत आलं. घर बदललं आहे. पुन्हा शोधतो.

मुख्य अभियंत्यांनाही लिहिलं. त्यांचा फोन आला. "अहो, एवढ्या जुन्या गोष्टी कोण उकरतं? तुमचा शब्द म्हणजे आमच्यासाठी—" मी त्यांना म्हणालो, ते वाक्य यापुढे वापरू नका. त्यांनी मग प्रकृतीची चौकशी केली.

कार्यशाळा संपली. बाईंनी सगळ्यांचे तुकडे जोडून एक मोठं पांघरूण केलं आणि दुकानाच्या काचेत लावलं. पोस्टातल्या काकू म्हणाल्या, "काकांची झारी काढा आणि सरळ करून लावा, लोक काय म्हणतील!" बाई म्हणाल्या, कागद फाडून झाला, आता ती तशीच. मनगट बरं आहे. मूठ पूर्ण मिटते.

बस शनिवारी सकाळी साडेदहाला तिथे पोचेल. वहिनीकडे डबा आणि औषधं आहेत. रक्तदाबाची गोळी जेवणानंतर, आधी दिली तर चक्कर येते. चहा कोमट लागतो. नव्या खोलीत पहिल्या रात्री बोळातला दिवा चालू ठेव. ते म्हणतील नको, तरी ठेव. वहिनीला उतरताना सामान घ्यायला वेळ लागतो आणि आबा कोणासाठी थांबत नाहीत. ते तिच्याआधी एकटेच खाली उतरतील आणि पायरीशी उभे राहतील.

तू फलाटावर असलास तरी त्यांना कळणार नाही. समोरच्या माणसांमध्ये तू कोणता, ते त्यांना आता दिसत नाही. तुला हाक मारावी लागेल.

दादा